परसातील बांबू : लागवड, तोड आणि हक्क

वेत आणि बांबू ही दोन नावे बाजारात जोडीने ऐकू येतात, म्हणून पुष्कळांस ती एकाच जातीची झाडे वाटतात. परंतु वेत हा ताडमाडांच्या कुळातील काटेरी वेल होय. तो भरपूर पावसाच्या दमट रानात मोठ्या वृक्षांच्या आधाराने वर चढतो, व सह्याद्रीच्या ओल्या खोऱ्यांत तो सापडतो. आमच्या ब्रह्मपुरीस उन्हाळ्यात पारा 46 अंशांपलीकडे जातो. येथे वेताची आशा धरणे व्यर्थ होय. बांबू मात्र गवताच्या कुळातील असून या मातीचा जुना रहिवासी आहे. म्हणून आजच्या पाठात आपण घराच्या परसात व शेताच्या धुऱ्यावर बांबू कसा वाढवावा, याचा विचार करू.

प्रथम कोणी विचारील की, जंगल जवळ असता घरी बांबू लावण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन जिवाचे आहे. ब्रह्मपुरी वनविभागात व्याघ्रप्रकल्पाच्या सीमेबाहेरही वाघांचा मोठा वावर आहे, आणि सरपण, मोहफुले, तेंदूपाने किंवा बांबू आणावयास गेलेली माणसे बळी पडल्याच्या वार्ता या भागात वारंवार ऐकू येतात. घराचे छप्पर, कुंपण, सूप, टोपली व चटई यांस लागणारा बांबू परसातच मिळाला, तर रानातील निदान काही फेऱ्या वाचतील.

आता जातींविषयी. आमच्या भागात मुख्यतः दोन जाती आढळतात. पहिली मानवेल. हिचा बांबू बहुधा भरीव व चिवट असतो, आणि ती कोरड्या उंचवट्याच्या जमिनीतही तग धरते. दुसरी कटांग. ही उंच, पोकळ व काटेरी असून नदीनाल्याच्या ओलाव्यास ती मानवते. परसास मानवेल बरी. कटांग कुंपणाच्या कडेस लावावी. पाणी साचून राहते तेथे मात्र कोणतीही लावू नये. धानाच्या बांधीलगत लावल्यास सावलीने व मुळांनी जवळचे पीक खुंटते, म्हणून शेताच्या हद्दीचा उंच धुरा किंवा पडीत तुकडा निवडावा.

उन्हाळ्यात सुमारे दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे खणून ठेवावेत. दोन खड्ड्यांत 5 मीटर अंतर असावे. शेणखत घालून पहिल्या चांगल्या पावसानंतर रोप लावावे. पहिली दोन वर्षे गुराढोरांपासून राखण केली पाहिजे. कोवळा कोंब बकरीने खाल्ला की त्या वर्षाची वाढ गेली. सुमारे पाचव्या वर्षापासून तोड सुरू करता येते. बेट अगदी दारालगत नसावे, व त्यातील पाचोळा वरचेवर काढावा. नाहीतर तेथे साप व रानडुकरे आसरा घेतील.

बांबूचा स्वभाव समजल्यावाचून तोडीचा नियम समजणार नाही. पावसाळ्यात जो कोंब निघतो, ज्याला आपण वास्ता म्हणून भाजीस आणतो, तो थोड्याच महिन्यांत आपली पूर्ण उंची गाठतो. पुढे तो जाड होत नाही, केवळ पक्का होतो, आणि त्यास सुमारे तीन वर्षे लागतात. नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या अंगास येतात. जुने बांबू मध्यभागी राहतात. मनुष्य सोपे म्हणून बाहेरचे तोडतो, आणि त्यायोगे पुढील वर्षाच्या कोंबांस पोसणारेच नाहीसे होतात. मधले जुने बांबू दाटून बेट गुदमरते.

म्हणून एका बाजूने वाट काढून आतील जुने तोडावे. समजा, दर पावसाळ्यात एका बेटास 6 कोंब येतात. चौथ्या हिवाळ्यात तेथे 24 बांबू असतील. त्यांतील सर्वांत जुने 6 तोडले तर 18 उरतील, व पुढील वर्षी पुन्हा 24 होतील. हे 18 मुद्दल आहे आणि 6 व्याज आहे. मुद्दलास हात लावणारा सावकार जसा बुडतो, तसेच बेटाचे होते. वास्तेही सर्व खुडू नयेत. बुरुडाच्या कामास कोवळा हिरवा बांबू लागतो हे खरे. त्याने दुसऱ्या वर्षातील मोजके घ्यावेत, यंदाचे घेऊ नयेत. तोड पावसाळ्यात करू नये, हिवाळ्यात करावी, व जमिनीपासून एक वीत उंचीवर पेराच्या लगत वर काप घ्यावा. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेविल्यास त्यातील पिठूळ अंश निघून जातो व कीड कमी लागते.

आणखी एक गोष्ट जाणून असावी. बांबूस अनेक वर्षांनी एकदाच फुलोरा येतो, मानवेलीस बहुधा 25 ते 45 वर्षांनी, आणि बी धरल्यावर ते बेट मरते. मिझोराममध्ये तेथील बांबू 1959 च्या सुमारास फुलला, तेव्हा बियांवर उंदीर माजले व पिके खाऊन दुष्काळ पडला. म्हणून बेटे निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या बियाण्याची लावावीत.

शेवटी हक्काविषयी. 1927 च्या वन कायद्यात बांबू वृक्षांत गणला जात असे. 2017 साली दुरुस्ती होऊन वनाबाहेरील जमिनीवरचा बांबू त्या व्याख्येतून वगळण्यात आला. रानातील बांबूस 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज मानले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावानेही 2012 साली असा हक्क मिळवून बांबूचा व्यवहार स्वतः चालविला. दीर्घकाळ ज्या रानातील बांबू कागद कारखान्यांसाठी जात असे, तेथे आता गाव हिशेब ठेवू लागले. परंतु हक्क मिळाला म्हणजे कर्तव्य सरले असे नव्हे. तोडीचा नियम रानात व परसात एकच आहे.

गावच्या वर्गात विचारावयाचे प्रश्न :

1. बेटाच्या बाहेरचे बांबू प्रथम तोडल्याने काय हानी होते?
2. आपल्या गावात वर्षाला किती घरांस बांबू लागतो, आणि तो आणावयास किती जण रानात जातात?
3. या पावसाळ्यात प्रत्येक घरी दोन रोपे लावावयाची झाल्यास, राखण कोण करील?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी लिहून घ्यावे. ज्याच्या राखणीचा धनी ठरलेला नाही, ते रोप पोळ्यापर्यंतही टिकत नाही.