ऑक्सिजनच्या बाटलीत कोणतं पाणी?

प्रश्न : वडिलांना रुग्णालयात ऑक्सिजन लावला होता. नळीच्या अलीकडे एक बाटली असते, तिच्यात पाणी बुडबुडत असतं. ते कमी झालं म्हणून मामांनी प्यायच्या सीलबंद बाटलीतलं पाणी त्यात ओतलं, तर सिस्टर रागावल्या. जे पाणी आपण पितो ते तिथे का चालू नये?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सिस्टर रागावल्या ते योग्यच झालं. प्यायच्या स्वच्छ पाण्यातही थोडे जंतू असतात. पोटात गेले की बहुतेकांचा निकाल जठरातलं आम्ल लावतं. फुप्फुसात आम्ल नाही. तिथली राखण चिकट स्राव, श्वासनलिकेतले सूक्ष्म केस आणि पांढऱ्या पेशी करतात. आजारी, म्हाताऱ्या किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या माणसात नेमकी तीच दुबळी पडलेली असते.

सिलिंडरमधला ऑक्सिजन कोरडा असतो. नाक-घसा सुकू नये म्हणून तो या बाटलीतल्या, म्हणजे ह्युमिडिफायरमधल्या पाण्यातून सोडतात. ओल मिळाली की स्यूडोमोनाससारखे जिवाणू प्लास्टिकला चिकटून राहतात, आणि त्यांना खायला जवळपास काही लागत नाही. रुग्णालयातल्या डिस्टिल्ड वॉटरमध्येही ते झपाट्याने वाढतात, हे अमेरिकी संशोधकांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटर किंवा आरओचं पाणी हा तोडगा नाही. त्यातले क्षार गेलेले असतात, जंतू नसल्याची हमी कोणी देत नाही. बाटलीत हवं ते सीलबंद, निर्जंतुक स्टराइल वॉटरच.

बुडबुड्यांच्या बाटलीतून मुख्यतः वाफ जाते, थेंब थोडे; म्हणून तिचा धोका त्या मानाने कमी. नेब्युलायझरचं तसं नाही. तो पाण्याचे इतके बारीक तुषार करतो की ५ मायक्रॉनहून लहान थेंब थेट वायुकोशांपर्यंत पोचतात, जंतूंना सोबत घेऊन. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत गंभीर न्यूमोनियाचा माग काढताना संशोधक अशाच उपकरणांपर्यंत पोचले, आणि ती नियमित निर्जंतुक करायला लागल्यावर तो आजार घटला. इतकी जुनी, इतकी स्वस्त गोष्ट आजही गर्दीच्या वॉर्डात राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने महाराष्ट्रात हाहाकार उडवला तेव्हा आयसीएमआरच्या सूचनांमध्येही ह्युमिडिफायरसाठी स्वच्छ, निर्जंतुक पाणी वापरा, असं म्हटलं होतं. अर्थात त्या आजारात अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड ही मोठी कारणं होती. सगळं खापर पाण्यावर फोडता येणार नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. नाकातल्या नळीने मिनिटाला ४ लिटरपर्यंतच ऑक्सिजन चालू असेल, तर बहुतेकांना या पाण्याची गरजच नसते. डॉक्टरांना तसं जरूर विचारा. बाटली काढली तर जंतूंचा प्रश्नही उरत नाही.

वडील आता घरी आहेत आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो, असं असेल तर स्टराइल वॉटर आणा. ते न मिळाल्यास पाणी खळखळून उकळून, झाकून गार करून वापरा. उरलेल्या पाण्यात नवं पाणी कधीही घालू नका. रोज बाटली पूर्ण रिकामी करायची, साबणाने धुवायची, उकळून गार केलेल्या पाण्याने विसळायची, वाळवायची आणि मगच भरायची. नेब्युलायझरचा कपही प्रत्येक वापरानंतर असाच धुऊन स्वच्छ कापडावर उपडा ठेवा. ओला असताना डब्यात बंद करू नका.