योजना आणि खरा आंकडा



घरांतील कर्ता माणूस महिन्याच्या आरंभीं जमाखर्चाची आंखणी करतो : दाणागोटा किती, मुलांची फी किती, अडीअडचणीस शिल्लक किती. राष्ट्रानें हीच गोष्ट आपल्या शेतांविषयीं, खाणींविषयीं व कारखान्यांविषयीं कांहीं वर्षांसाठीं आधीं ठरविली, म्हणजे तिला आर्थिक योजना म्हणतात. बाजारांत मागणी वाढली कीं भाव चढतो, व भाव चढला कीं उत्पादक त्या मालाकडे वळतो. योजनेंत हा निर्णय केवळ भावावर न सोपवितां सरकार घेतें. यांत लाभ कोणता व धोका कोणता, हें आपण तीन देशांच्या इतिहासावरून पाहूं.

अशी योजना मोठ्या प्रमाणावर प्रथम सोव्हिएट रशियानें केली. १९२१ सालीं तेथें ‘गोसप्लान’ हें योजनामंडळ स्थापन झालें, व ऑक्टोबर १९२८ पासून पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. मागासलेल्या कृषिप्रधान देशास थोडक्या वर्षांत यंत्रप्रधान करावें, हा तिचा उद्देश. उरल पर्वताजवळच्या माळरानावर मॅग्निटोगोर्स्क हें पोलादाचें शहर उभें राहिलें. नीपर नदीवर १९३२ सालीं प्रचंड वीजकेंद्र चालू झालें. हें यश खोटें नव्हे. परंतु यंत्रें विकत घेण्यासाठीं धान्य परदेशीं पाठविलें जाई, व तें शेतकऱ्यांकडून सक्तीनें घेतलें जाई. त्यांच्या जमिनीही सामुदायिक शेतींत घातल्या गेल्या. परिणामीं १९३२-३३ सालीं युक्रेन, कझाकस्तान इत्यादि भागांत दुष्काळ पडून पन्नास लाखांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं.

पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. देशाची लोकसंख्या १६ कोटि ८० लाख झाल्याचें स्टॅलिन यानें १९३४ सालींच जाहीर केलें होतें. जानेवारी १९३७ मध्यें शिरगणती झाली, तेव्हां ती सुमारें १६ कोटि २० लाखच भरली. मग सरकारनें काय केलें? शिरगणती रद्द केली, ती करणाऱ्या प्रमुख अधिकाऱ्यांस कैद केलें, व त्यांपैकीं कांहींस गोळ्या घातल्या. मोजणाऱ्यांचा अपराध इतकाच कीं, त्यांचा आंकडा सत्ताधाऱ्यांस नकोसा होता.

चीननें १९५८ सालीं ‘मोठी झेप’ घेण्याचें ठरविलें. पोलादाचें उत्पादन एका वर्षांत दुप्पट करण्यासाठीं गांवोगांवीं लहान भट्ट्या पेटल्या. घरांतील कढया-तवे त्यांत वितळविले गेले, आणि निघालें तें बहुतेक निकामी लोखंड. ऐन सुगींत शेतकरी भट्टीवर गुंतले. चिमण्या धान्य खातात म्हणून त्या मारल्या. मग पिकांवर किडे माजले. परंतु याहून घातक ठरले ते खोटे आंकडे. ज्याचें पीक मोठें त्या अधिकाऱ्याची वाहवा. जो कमी सांगेल त्याच्या निष्ठेविषयीं शंका. म्हणून प्रत्येकानें शेजाऱ्यापेक्षां मोठा आंकडा वर कळविला. प्रत्यक्ष पीक सुमारें २० कोटि टन, जाहीर झालें ३७ कोटि ५० लाख टन! सरकारनें आपला हिस्सा कागदावरच्या पिकाच्या मानानें उचलला, आणि गांवचीं कोठारें रिकामीं झालीं. १९५९ ते १९६१ या काळांत जे लोक उपासमारीनें मेले, त्यांची संख्या सावध अभ्यासकही दीड कोटीच्या खालीं आणीत नाहींत. कित्येक ती तीन कोटींच्या वर धरतात.

आपल्या देशांत मार्च १९५० मध्यें योजना आयोग स्थापन झाला. पहिल्या योजनेंत (१९५१-५६) शेती व पाटबंधारे यांस, तर दुसरींत भिलाईसारख्या पोलादाच्या कारखान्यांस महत्त्व मिळालें. चुका येथेंही झाल्या. युद्धें व अवर्षण यांमुळें १९६६ ते १९६९ पर्यंत पंचवार्षिक योजनाच थांबवावी लागली, आणि २०१५ सालीं आयोगाच्या जागीं नीति आयोग आला. तथापि येथील संकट झांकलें गेलें नाहीं. महाराष्ट्रांतील १९७२ सालचा दुष्काळ पुष्कळ घरांतील आजी-आजोबांस आठवत असेल. वर्तमानपत्रांनीं त्याच्या बातम्या दिल्या, विधिमंडळांत जाब विचारले गेले, व सरकारास कामें काढावीं लागलीं. मे १९७३ मध्यें सुमारें पन्नास लाख माणसें खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या व तलावांच्या कामांवर होतीं. हाल फार झाले. पण त्या कष्टाच्या मजुरीवर गांवें तगलीं, आणि पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. लोकशाही व मोकळीं वर्तमानपत्रें असलेल्या देशांत मोठा भूकबळींचा दुष्काळ पडत नाहीं, असें अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनीं म्हटलें आहे, तें याच अर्थानें.

तात्पर्य, योजना करणें हा दोष नव्हे. दूरदृष्टि हा गुणच आहे. परंतु योजना आंकड्यांवर उभी असते, व आंकडा सांगणाऱ्याच्या सचोटीवर. जेथें खरें सांगणाऱ्यास शिक्षा होते, तेथें राज्यकर्ता आपलेच डोळे बांधून घेतो.

मुलांनो, प्रयोगवहींत अपेक्षित उत्तर जुळावें म्हणून आंकडा फिरविण्याचा मोह तुम्हांस होतो, हें मीं वर्गांत अनेकदां पाहिलें आहे. उद्यां तुमच्यापैकीं कोणी तलाठी होईल, कोणी अभियंता, कोणी अधिकारी. त्या दिवशीं तुमच्या लेखणीच्या टोंकावर एखाद्या गांवाची भाकर असेल. आणि पालकांसही विनंति आहे कीं, कमी गुण मिळाल्याचें मुलगा खरेपणानें सांगेल, तेव्हां आधीं त्याच्या खरेपणाची कदर करावी, आणि मग अभ्यासाचें विचारावें.