चार चाकांच्या ओढीच्या ट्रकांतील आवाज : तपास व दुरुस्ती

शेतमाल व खत चिखलाच्या वाटेनें नेण्यास फोर-व्हील-ड्राइव्हचा ट्रक सोईचा खरा; परंतु त्याच्या पोटांतून आवाज येऊं लागला म्हणजे मालकाचा धीर सुटतो, आणि मिस्त्री म्हणेल तो भाग तो उघडूं देतो. आम्हींही तेंच केलें. गाडी निघतांना ‘खट्’ असा ठोका बसे, म्हणून मागील डिफरन्शियल उघडविलें. ऐन पेरणींत गाडी आठ दिवस उभी राहिली, पैसा गेला, आणि ठोका कायम! अखेर प्रोपेलर शाफ्टाचा झिजलेला क्रॉस बदलतांच तो थांबला. महसुली कारकुनींत आमचा जन्म गेला; जबाबाशिवाय निकाल नाहीं, हें तेथें शिकूनही येथें विसरलों. सबब वाचकांनीं तरी आधीं गाडीचा जबाब घ्यावा.

इंजिनाची गति गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्यें येते. तेथून एक शाफ्ट मागील व दुसरा पुढील डिफरन्शियलकडे ती नेतो, आणि पुढें धुऱ्यांच्या द्वारें ती चाकांस पोंचते. या मार्गांत दोष कोठें आहे, हें आवाज केव्हां येतो त्यावरून बहुधा कळतें.

१. निघतांना किंवा गिअर बदलतांना एकच ठोका : क्रॉस किंवा सैल बोल्ट.
२. ॲक्सिलरेटर दाबतां-सोडतां पालटणारा कण्हल्यासारखा सूर : क्राउन-पिनियन वा त्यांचीं बेअरिंगें.
३. वेगाबरोबर वाढणारी घरघर : चाकाचें बेअरिंग. डावीकडे वळतांना ती वाढल्यास उजवें चाक पाहावें, कारण भार तिकडे जातो.
४. चाकें पुरतीं वळविलीं असतां कटकट : पुढील धुऱ्याचा बाहेरचा सांधा.
५. पुढील ओढ जोडल्यावरच येणारा आवाज : ट्रान्सफर केस अथवा पुढील शाफ्ट व डिफरन्शियल.

मात्र, ओढ हातानें जोडावी लागते अशी गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ओढ जोडून वळविली तर ठोके बसणारच. वळणांत पुढील चाकांस अधिक अंतर तोडावें लागतें, आणि ताण सुटण्यास वाव नसतो. मऊ जमिनींत ठोके थांबले, तर दोष बहुधा गाडीचा नव्हे, चालविणाराचा!

आतां प्रत्यक्ष परीक्षा. सपाट जागीं चारही चाकांस दगड लावावे, इंजिन बंद करावें, गिअर मोकळा ठेवावा. क्रॉसच्या दोन्ही बाजू हातीं धरून उलटसुलट पिळाव्या. मध्यें ढिलाई किंवा तांबूस गंजाची भुकटी दिसल्यास क्रॉस बदलावा. शाफ्ट काढण्यापूर्वीं जोडावर रंगाची खूण करावी व त्याच खुणेवर परत बसवावा. नाहींतर गाडी थरथरते. डिफरन्शियलचें तेल काढून पाहावें. बारीक करडा लगदा चालेल, पण धातूचे तुकडे म्हणजे दांत वा बेअरिंग फुटल्याचा दाखला. तेल दुधाळ असल्यास ओढ्याचें पाणी शिरलें असें समजून तें तत्काळ बदलावें. क्राउन व पिनियन जोडीनेंच बदलावे, व तें काम जाणत्याकडेच द्यावें.

एक चाक जॅकवर उचलून, ओढ जोडून इंजिन कदापि चालवूं नये. जमिनीवरील चाकें गाडी जॅकवरून खालीं ओढतील व प्राणावर बेतेल.

तेल, ग्रीस व आवाज यांची तारीखवार नोंद वहींत ठेवावी. ती वही मिस्त्रीपुढें ठेवली, म्हणजे विनाकारण उघडझांक टळते.