भट्टी नको, ओव्हन नको : ओट्स-चॉकलेटचे गोळे आणि त्यांचा हिशोब



या अंकात आपण स्वीडन देशातला एक घरगुती पदार्थ शिकणार आहोत. तिकडे त्याला ‘शोक्लाडबॉल’ म्हणतात, म्हणजे चॉकलेटचा गोळा. ओट्स, लोणी, साखर, कोको आणि थोडी कॉफी एकत्र मळायची, गोळे वळायचे, खोबऱ्यात घोळवायचे. भाजणं नाही, तळणं नाही. तिकडे लहान मुलं स्वयंपाकात पहिल्यांदा हात घालतात ती बरेचदा याच पदार्थाने. तुम्ही म्हणाल, हे तं आपले लाडूच! खरंच आहे. लाडू वळणाऱ्या हाताला यात नवीन फार काही नाही. नवीन आहे ते साहित्य, आणि विकायचं ठरवलं तर हिशोब.

साहित्य (साधारण २० गोळे)

- ओट्स : १२० ग्रॅम
- लोणी (बटर) : १०० ग्रॅम
- पिठीसाखर : ९० ग्रॅम
- कोको पावडर, बिनसाखरेची : ३ मोठे चमचे
- उकळून थंड केलेली काळी कॉफी : १ मोठा चमचा
- व्हॅनिला इसेन्स : अर्धा लहान चमचा
- सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस : ३० ग्रॅम

कृती

१. ओट्स मंद आचेवर पाच-सहा मिनिटं कोरडे भाजून घ्या. स्वीडनमध्ये भाजत नाहीत, पण भाजल्याने ओलावा जातो आणि वास छान येतो. पूर्ण थंड होऊ द्या. गरम ओट्समध्ये लोणी घातलं तर ते वितळतं आणि गोळा बसत नाही.

२. ओट्स जाडसर भरडा. पीठ करू नका.

३. मऊ लोणी आणि साखर फेटा. कोको, व्हॅनिला, कॉफी घाला, मग ओट्स घालून मळा. बाजारातल्या बटरमध्ये बहुतेक मीठ असतंच, वेगळं घालू नका.

४. मिश्रण झाकून अर्धा तास थंड जागी किंवा फ्रिजमध्ये ठेवा. मग सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे वळा आणि खोबऱ्यात घोळवा.

लहान मुलांसाठी करत असाल तर कॉफीऐवजी उकळून थंड केलेलं पाणी घाला. दूध घालू नका, गोळे लवकर आंबतात.

आपल्याकडचे बदल

घरच्या लोण्यात ताकाचा अंश राहतो, म्हणून ते लवकर खवट होतं. त्यापेक्षा तूप बरं. बटरमध्ये साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो, तूप मात्र जवळजवळ सगळं स्निग्धच. म्हणून १०० ग्रॅम बटरऐवजी ८० ग्रॅम घट्ट तूप पुरतं. भंडारा हा भाताचा जिल्हा. निम्मे ओट्स काढून तेवढे भाजून भरडलेले पातळ पोहे घातले तर खर्च कमी होतो.

ऊन लक्षात ठेवा

स्वीडनमध्ये ११ मे हा या गोळ्यांचा दिवस म्हणून साजरा करतात. गोसीखुर्दच्या मे महिन्यात हेच गोळे ताटात पसरतील. आपला हंगाम म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत, त्यातही संक्रांतीचं हळदीकुंकू. हिवाळ्यात घट्ट डब्यात दोन दिवस, फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवा. मळल्यानंतर हा पदार्थ पुन्हा विस्तवावर जात नाही, म्हणून हात, भांडी आणि डबा स्वच्छ अन् कोरडे हवेत. हाताला जखम असेल त्या ताईने त्या दिवशी वळायला बसू नये.

आता हिशोब

भाव फक्त उदाहरणापुरते धरले आहेत. तुम्ही पवनीच्या बाजारातले तुमचे भाव घाला.

- बटर ६० रुपये
- ओट्स २४ रुपये
- कोको १६ रुपये
- खोबरं १२ रुपये
- साखर ४ रुपये
- कॉफी, व्हॅनिला, गॅस ४ रुपये
- पाकीट आणि लेबल १० रुपये
- तुमची मजुरी ५० रुपये

एकूण १८० रुपये. म्हणजे एक गोळा ९ रुपयांना पडला. १० रुपयांना विकला तर वीस गोळ्यांमागे २० रुपये उरतात. पण दोन गोळे फुटले किंवा उरले की नफा शून्य. दुकानदाराला गोळ्यामागे २ रुपये दिले तर २० रुपये तोटा. १२ रुपये भाव ठेवला तर दोन गोळे वाया जाऊनही ३६ रुपये राहतात.

मजुरीची ओळ खोडून ‘नफा झाला’ म्हणू नका. आपल्या हातांचं मोल आपणच धरलं नाही, तर दुसरं कोण धरणार?

म्हणून या पदार्थासाठी गटातून कर्ज काढून मिक्सर-फ्रिज घेऊ नका. आधी २० गोळे करा, घरी आणि गटाच्या बैठकीत चव द्या, मग १० जणींची ऑर्डर घ्या. ऑर्डर पुन्हा आली तरच पुढचं पाऊल.

नियमित विक्रीआधी अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या. पाकिटावर नाव, घटक, वजन, केल्याची तारीख, किती दिवसांत खावं, किंमत, पत्ता आणि नोंदणी क्रमांक लिहा. ओट्स आहेत म्हणून ‘पौष्टिक’ असं मात्र लिहू नका. यात साखर आणि लोणी भरपूर आहे. हा खाऊ आहे, खाऊ म्हणूनच विका. गिऱ्हाईक खऱ्या शब्दावर परत येतं.

पुढच्या बैठकीला वहीत दोन गोष्टी लिहून आणा : तुमच्या भावाने एक गोळा कितीला पडला, आणि किती उरले. त्यावरून आपण मिळून भाव ठरवू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक