न्हाणीघराच्या दारावरचा तक्ता

मनू, आई सांगत होती, तू न्हाणीघराच्या दारावर आवर्तसारणीचा तक्ता चिकटवला आहेस आणि दात घासताना हायड्रोजन, हेलियम, लिथियम असं पुटपुटत असतेस. तक्ता राहू दे. पुटपुटणं थांबव. चाचणीत वीसपैकी सहा पडले म्हणून परवा फोनवर रडलीस ना, त्या सहाचं मूळ या पुटपुटण्यातच आहे. हे मी खात्रीने सांगते, कारण तुझ्याआधी मी तिथेच घसरले होते.

दहावीपर्यंत तू काय, मी काय, सगळं मराठीतून शिकलो. अकरावीत एकदम 'आयनायझेशन एन्थाल्पी' समोर आली की वाटतं, हे काही नवीनच प्रकरण आहे. नवीन काही नसतं गं. आपली आयनीभवन ऊर्जाच ती. अणूकडून एक इलेक्ट्रॉन हिसकावून घ्यायला किती जोर लागतो, एवढाच प्रश्न. पण वर्गात हात वर करायची लाज वाटते, बाजूच्या बाकावरच्या मुली इंग्रजीत फाडफाड बोलत असतात, आणि मग आपण मुकाट्याने पाठांतराला लागतो. मीही लागले. हॉस्टेलवर कुणीतरी 'बेटा मांगे कार स्कूटर' शिकवलं, त्यावर दुसरा गण तोंडपाठ केला. (बेटीला कार नको असते का, हे तेव्हा सुचलंसुद्धा नाही.)

आता कुणालाही न सांगितलेली गोष्ट सांगते. बीएस्सीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ॲल्युमिनियमचा अणू मोठा की त्याच्या खालच्या गॅलियमचा? मी ताडकन म्हटलं, गॅलियमचा. का? म्हटलं, तो खाली आहे म्हणून. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ॲल्युमिनियमच्या अणूची त्रिज्या साधारण 143 पिकोमीटर, गॅलियमची 135 च्या आसपास. खाली असून लहान! त्या रात्री मी पहिल्यांदा 'वरून खाली आकार वाढतो' हे वाक्य बाजूला ठेवलं आणि तो का वाढतो ते वाचलं.

ते कारण अवघड नाही. सोडियमच्या केंद्रकात 11 प्रोटॉन, क्लोरीनच्या केंद्रकात 17. दोघांचेही सर्वांत बाहेरचे इलेक्ट्रॉन तिसऱ्याच कवचात. म्हणजे घर तेच, मजला तोच, फक्त आतून ओढणारा हात दणकट झाला. म्हणून सोडियमचे 186 पिकोमीटर क्लोरीनपाशी येईस्तोवर 99 होतात. इलेक्ट्रॉन वाढले की अणू फुगायला हवा, असं आपलं मन सांगतं आणि तिथेच गफलत होते. गणात खाली उतरलं की मात्र दर वेळी नवा मजला चढतो, आणि आतले इलेक्ट्रॉन बाहेरच्यांना केंद्रकापासून आडोसा देतात. आकार वाढतो तो यामुळे. ओढ किती आणि आडोसा किती, हे दोनच प्रश्न विचारत जा. आयनीभवन ऊर्जा, विद्युतऋणता, धातुपणा, बरंचसं त्यातून निघतं.

आता गॅलियमकडे ये. चौथ्या आवर्तात कॅल्शियमनंतर लगेच गॅलियम येत नाही. मध्ये स्कँडियमपासून जस्तापर्यंत दहा मूलद्रव्यं आहेत. म्हणजे केंद्रकात दहा प्रोटॉन जास्तीचे, आणि त्यांच्यासोबत आलेले d उपकवचातले दहा इलेक्ट्रॉन आडोसा देण्यात अगदीच कुचकामी. ओढ जिंकते, अणू आखडतो. नियम मोडला नाही, मी तो अर्धाच शिकले होते. नायट्रोजन-ऑक्सिजनचंही असंच. ऑक्सिजन उजवीकडे, तरी त्याचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला कमी ऊर्जा लागते: मोलमागे 1314 किलोज्यूल, नायट्रोजनला 1402. एसटीत तीन बाकांवर तिघं ऐसपैस एकेकटे बसलेत, हा नायट्रोजन. ऑक्सिजनच्या चौथ्याला कुणाच्या तरी शेजारी दाटीवाटीने टेकावं लागतं आणि स्टँड आला की आधी तोच उठतो.

गॅलियमवर माझा तेव्हापासून जीव जडला आहे. हा धातू 29.76 अंश सेल्सिअसला वितळतो, तळहातावर धरला की पाणी पाणी होतो. पण खरी मजा त्याच्या जन्मकथेत आहे. पीटर्सबर्गला मेंडेलीव्ह विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहीत होता. पहिला भाग मोजक्या मूलद्रव्यांवर संपला आणि उरलेली डोंगराएवढी कुठल्या क्रमाने सांगायची, हे कोडं पडलं. तेव्हा 63 मूलद्रव्यं माहीत होती. म्हणजे ज्या सारणीने तुला रडवलं, ती मुलांना सोपं जावं म्हणून झालेल्या खटाटोपातून निघाली! त्याला ती स्वप्नात दिसली वगैरे सांगतात, ते फारसं मनावर घेऊ नकोस. 1869 सालचा त्याचा कच्चा कागद जपून ठेवला आहे, त्यावर नुसती खाडाखोड आहे. स्वप्नात दिसलं असतं तर इतकं खोडलं असतं का?

त्याने अणुवस्तुमान आणि गुणधर्म, मुख्यतः ऑक्साइड आणि हायड्राइडची सूत्रं, यांचा मेळ घातला. जिथे मेळ बसेना तिथे ओढूनताणून बसवलं नाही, घर रिकामं सोडलं. त्या रिकाम्या घरांना नावं दिली ती आपल्या संस्कृतातून: एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. 'एक' म्हणजे अलीकडच्या ओळखीच्या घरापासून एक घर पुढे. 1875 मध्ये लकॉक द ब्वाबोद्रां या फ्रेंच माणसाला एका-ॲल्युमिनियम सापडलं, तेच गॅलियम. त्याने घनता मोजली, 4.7. मेंडेलीव्हने तो धातू डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, तरी कळवलं की आकडा चुकला, 5.9 च्या जवळ यायला हवा. फ्रेंचाने धातू शुद्ध करून पुन्हा मोजली, तर 5.9! पुढे 1879 ला स्कँडियम आणि 1886 ला जर्मेनियम निघालं, बाकीची दोन घरंही भरली. मेंडेलीव्ह देव नव्हता हेही सांगते. आरगॉन सापडल्यावर हा तीन अणूंचा नायट्रोजन असावा, असा त्याला संशय होता. राजवायूंचा अख्खा स्तंभच त्याच्या कल्पनेत नव्हता.

राजवायूंवरून आठवलं. विजयदुर्गला गेलो होतो तेव्हा किल्ल्यावरचा 'साहेबाचा कट्टा' दाखवून वाटाड्याने सांगितलं होतं की हेलियमचा शोध इथेच लागला. तू ते वहीत लिहूनही घेतलं होतंस. खोडून टाक. हेलियमच्या शोधाशी दोघांची नावं जोडतात, जॅनसेन आणि लॉकियर. 1868 च्या ग्रहणात जॅनसेन होता गुंटूरला, आणि लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये पाहिली, ग्रहणाशिवाय. लॉकियर विजयदुर्गला आला हे खरं, पण 1898 च्या ग्रहणाला.

टेल्युरियम आणि आयोडीनची जोडी मात्र नीट बघ. वस्तुमानाने टेल्युरियम जड, 127.6, आयोडीन 126.9. क्रमाने आयोडीन आधी यायला हवं. पण मग ते गंधकाच्या घराण्यात गेलं असतं आणि टेल्युरियम क्लोरीनच्या. मेंडेलीव्हने गुणधर्मांची बाजू घेतली, टेल्युरियम आधी ठेवलं आणि वस्तुमानच चुकीचं मोजलंय असं धरून चालला. कारण चुकलं, जागा बरोबर निघाली. 1913 मध्ये हेन्री मोझली नावाच्या तरुणाने क्ष-किरणांवरून दाखवलं की क्रम वस्तुमानाचा नाहीच, अणुअंकाचा आहे. दोनच वर्षांनी तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. 27 वर्षांचा होता. मोझलीच्या पानावर मी नेहमी थोडी थांबते.

आणि हे सगळं तक्त्यापुरतं राहत नाही. बाबांचं रक्तदाब वाढल्यापासूनचं वेगळं मीठ आठव, जे कडवट लागतं म्हणून ते कुरकुरतात. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. खालचं घर, म्हणून खारटपणा थोडा जमतो, पण पुरता नाही. (डॉक्टरांना विचारूनच आणलंय ना ते? मूत्रपिंड अशक्त असलेल्याला पोटॅशियम त्रास देतं.) शेजार कधी घातकही ठरतो. आर्सेनिक फॉस्फरसच्या खाली बसतं. त्याचं एक रूप फॉस्फेटसारखं दिसतं, पेशी फसते आणि त्याला आत घेते. बंगालमध्ये कित्येक गावांच्या हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. कॅल्शियमखालचं स्ट्राँशियम हाडांत आणि दातांत जाऊन बसतं. अणुचाचण्यांच्या काळात अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतलं किरणोत्सारी स्ट्राँशियम मोजलं होतं. आपण ते दात कौलावर फेकायचो, तिथल्या आया पाकिटात घालून पाठवायच्या.

आता काय करायचं ते सांगते. कपाटात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आहे, आई एकही टाकत नाही. त्यांच्या कोऱ्या बाजूंचे पत्ते काप. पहिल्या वीस मूलद्रव्यांचे पत्ते कर, नाव मागच्या बाजूला, पुढे फक्त वस्तुमान, ऑक्साइडचं सूत्र आणि धातू की अधातू. ऑक्साइड होतच नाही तिथे रेघ मार. चार पत्ते दादाकडे लपवायला दे, कुठले ते बघू नकोस. मग मांड. भोकं कुठे पडतात ते तुझं तुलाच दिसेल. नावं आपोआप पाठ होतील, नाही झाली तर तक्ता आहेच दारावर.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीने येतेय. येईपर्यंत एक ठरवून ठेव: हायड्रोजनला कुठे बसवशील, सोडियमच्या गणात की फ्लोरीनच्या? दोन्हीकडची कारणं काढून ठेव, मी मुद्दाम भांडणार आहे. आणि आईला सांग, पाटवडी कर.