भाचीसाठी माइक घेताना

माझी भाची तीन वर्षं वर्ध्याला आमच्याकडे राहून शिकली. शास्त्रीय गाणं लहानपणापासूनचं. अकरावीत असताना तिनं गोव्याच्या लोर्ना यांची कोंकणी गाणी ऐकली, ख्रिस पेरींचा ट्रम्पेट ऐकला आणि तिथून ती थेट जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड, बिली हॉलिडेपर्यंत गेली. घरात इतरांना नवल वाटलं, मला ते परकं वाटलं नाही. संगीतकार सी. रामचंद्र नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकलेले. पुढे मुंबईत चिक चॉकलेटसारखे गोवेकर वादक सोबत घेऊन त्यांनी हिंदी सिनेमात स्विंग आणला. तेव्हा विदर्भाचा आणि जॅझचा काही संबंधच नाही असं म्हणायला मी तयार नाही.

बारावीनंतर तिला मुंबईच्या एका संस्थेकडे तीन गाणी रेकॉर्ड करून पाठवायची होती. माझ्याकडे केबल-स्टँडसकट पंधरा हजार होते. त्या वर्षभरात जे समजलं ते लिहून ठेवतो. कुणाच्या घरात असंच एखादं पोर गात असेल, तर त्यांचे पैसे वाचावेत.

१. आधी घर ऐका, मग माइक बघा.

पहिला माइक मी घाईत मागवला, तोही भर मे महिन्यात. स्वस्तातला कंडेन्सर होता. हेडफोन लावून पहिलं गाणं ऐकलं आणि तिच्या आवाजाच्या मागे आमचं अख्खं घर ऐकू आलं. कूलरची घरघर, फ्रिज, शेजारच्या काकूंचा मिक्सर, वरून जंक्शनकडे जाणारी मालगाडी. वर्धा म्हणजे मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही वाटांवरचं ठिकाण. गाड्या रात्रीही थांबत नाहीत. मी माइकला दोष दिला आणि तो तोट्यात विकला. दोष माइकचा नव्हता. पंचेचाळीस अंशांत कूलर बंद करून गाता येत नाही आणि कूलर चालू ठेवून कुजबुजल्यासारखं गाणं रेकॉर्ड होत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं.

आता मी कुणालाही सांगतो: एक दिवस खोलीत नुसता फोन ठेवून दर दोन तासांनी पाच मिनिटं रेकॉर्ड करा. कोणत्या वेळी काय ऐकू येतं ते वहीत लिहा. आमच्या वहीत पहाटे साडेतीन ते पाच ही एकच वेळ मोकळी निघाली.

२. गादी गाणाऱ्याच्या पाठीमागे लावा.

हा धडा फुकटात मिळाला आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडला. बाजारात स्पंजाचे काळे चौकोन मिळतात, ते मी माइकच्या मागच्या भिंतीवर चिकटवणार होतो. मग लक्षात आलं की कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो, पाठीमागचं त्याला फारसं ऐकू येत नाही. समोर कोण? गाणारी, आणि तिच्या पाठीमागची भिंत. तिचा आवाज खोलीभर फिरून त्या भिंतीवरून माइकमध्ये परत येतो. गादी तिथं हवी.

आपला जिल्हा कापसाचा. हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या काळात त्या नावानंच ओळखला जायचा. आमच्या घरात आजीच्या वेळच्या दोन कापसाच्या गाद्या माळ्यावर पडून होत्या, चांगल्या पाच इंच जाडीच्या. त्या उन्हात टाकल्या, झोडल्या आणि दोन शिड्यांवर उभ्या बांधून खोलीच्या कोपऱ्यात इंग्रजी व्ही अक्षरासारख्या लावल्या, भिंतीपासून हातभर पुढे. पातळ स्पंज वरचे स्वर खातो आणि खालची घुम तशीच ठेवतो. त्यानं आवाज कोंदट होतो. जाड कापूस आणि मागची मोकळी जागा मिळून बरंच खालपर्यंत काम करतात. भाची त्या व्हीमध्ये पाठ करून उभी राहिली, एक ओळ गायली आणि म्हणाली, "मामा, आता कसं जवळून गायल्यासारखं वाटून राह्यलं!"

कूलर किंवा पंखा लावावाच लागला तर तो माइकच्या अगदी पाठीशी ठेवा. कार्डिऑइडचा तिथलाच कान सर्वांत बहिरा असतो.

३. अंतर हा अर्धा माइक आहे.

माइक नव्हता तेव्हा गाणाऱ्याला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. आपले नाटकातले गायक तसेच गायचे. १९२५ मध्ये अमेरिकेत विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि हळू, कानाशी बोलल्यासारखं गाणं शक्य झालं. बिंग क्रॉसबी त्यातून पुढे आला. इकडे १९३० च्या दशकात जी. एन. जोशी यांनी बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' गायली आणि मराठी भावगीत घरोघरी गेलं. भावगीत आणि जॅझमधलं संथ गाणं ही मला एकाच आईची लेकरं वाटतात. दोघांनाही माइकनं वाढवलं.

म्हणून गाणारीला अंतर शिकवणं हे माइक निवडण्याइतकंच महत्त्वाचं. अंतर निम्मं केलं की तिचा थेट आवाज सहा डेसिबलनं वाढतो, खोलीचा आवाज मात्र आहे तेवढाच राहतो. जवळ आलं की खर्जही फुगतो. संथ गाण्यात भाची एक वीत अंतरावर उभी राहायची. लोर्नांच्या ढंगाचं खुल्या गळ्याचं गाणं आलं की दोन विती मागे, आणि तार स्वराला मान थोडी बाजूला. हे तिच्या अंगात मुरायला महिना लागला. तो महिना मी रेकॉर्डिंग केलं नाही, नुसता सराव करून घेतला.

४. डायनॅमिक की कंडेन्सर, हे गळ्याला विचारा.

पहिला माइक विकल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. सगळे सांगत होते की आवाजी घरात डायनॅमिकच घ्या, तो खोली ऐकत नाही. भजन मंडळाकडून त्यांचा शुअर एसएम ५८ आठवडाभर मागून आणला. १९६६ पासून हा माइक जगभर चालतो आणि खंजिरीच्या दणक्यातही भजन स्वच्छ ऐकवतो. पण तो खोली कमी ऐकतो याचं मोठं कारण हे की तो आपण ओठांशी धरतो. हातभर दूर ठेवला तर तोही मालगाडी ऐकवतो.

अडचण वेगळीच निघाली. एसएम ५८ एका ठरावीक आवाजाला साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० हा साधा कंडेन्सर त्याच आवाजाला सुमारे १४ मिलिव्होल्ट देतो. सातपटीहून जास्त फरक. खुल्या गळ्याच्या गाण्यात तो जाणवला नाही. पण संथ गाण्यात भाची इतकं हळू गायची की माझ्या जुन्या इंटरफेसचा, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा, गेन जवळजवळ शेवटपर्यंत न्यावा लागला आणि शब्दांमागे सस्स आवाज येऊ लागला. "मामा, हा तर पाऊस पडून राह्यला मागे," ती म्हणाली.

शेवटी एटी २०२० घेतला आणि ओळखीतून दुसरा जुना इंटरफेस. पहिल्या माइकची भरपाईही त्याच पैशांतून झाली. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो, तो इंटरफेसमध्ये आहे का हे आधी बघा. माझं मत असं: गळा खुला असेल आणि घर आवाजी असेल तर डायनॅमिक, गळा नाजूक असेल आणि दिवसातली एखादी शांत वेळ सापडत असेल तर कंडेन्सर. मोठ्या नावाचा महागडा माइक यातलं काहीच बदलत नाही.

५. परीक्षा मराठीत घ्या.

माइकची ऐकलेली बहुतेक परीक्षणं इंग्रजीत होती. आपल्या भाषेत भ, फ, ध, ख सारखे येतात आणि प्रत्येकाबरोबर तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो. शिवाय 'चमचा'तला दातांचा च. स्वस्त कंडेन्सर वरचे स्वर मुद्दाम उजळ ठेवतात, त्यात हा च आणि स कानात टोचतात. मी भाचीला "भाकरी, फणस, धुकं, खोबरं, चांदणं, सासर" एवढंच दहा वेळा म्हणायला लावलं. माइक ओठांसमोरून काढून नाकाच्या उंचीवर आणला आणि किंचित तिरपा केला, तसा टोचणारा च बसला. झोतासाठी भरतकामाच्या कडीत जुना पायमोजा ताणून लावला. खादीही लावून पाहिली होती. खादी आवाजच अडवते.

६. जुना माइक तोलून घ्या.

एसएम ५८ च्या नकला खूप फिरतात. खऱ्याचं वजन २९८ ग्रॅम. एकदा मला फार स्वस्तात मिळत होता, तो किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला, चांगलाच हलका भरला. परत दिला.

७. थंडीची वाट बघा.

आम्ही मे सोडून दिला. जानेवारीत, पंखे आपोआप बंद असताना, चार पहाटांत मिळून तीन गाणी झाली. घरातला फ्रिज तासभर बंद, भिंतीवरचं घड्याळ बाहेर. ती शाल पांघरून उभी राहायची. शालीची सळसळ येते म्हणून गाताना ती खाली टाकायची. गळा उघडायला थंडीत वेळ लागतो, म्हणून आधी अर्धा तास खर्ज आणि कोमट पाणी. गाडी आली की थांबायचं. ती गेली की पुन्हा त्याच ओळीपासून.

८. पावसाळ्यात माइक डब्यात.

कंडेन्सरचा पडदा फार पातळ असतो, ओल धरली की तडतडतो. जुलै ते सप्टेंबर आमचा माइक घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असायचा, सोबत सिलिका जेलचे निळे खडे. गुलाबी झाले की ते एका जुन्या कढईत मंद आचेवर पुन्हा निळे करायचे. ती कढई मग स्वयंपाकाला वापरायची नाही. भाची आता मुंबईला असते, तिथली हवा आणखी दमट. गणपतीला आली तेव्हा डबा आणि खडे तीच घेऊन गेली.