एक पुस्तक, अनेक मते

लंडन येथील बँक ऑफ इंग्लंडमध्ये केनेथ ग्रॅहम नावाचे एक मोठे अधिकारी होते. रात्री निजण्यापूर्वी ते आपला लहान मुलगा ॲलिस्टर यास प्राण्यांच्या गोष्टी सांगत. १९०७ साली मुलगा काही काळ परगावी गेला, तेव्हा गोष्टीचा पुढील भाग त्यांनी पत्रांतून लिहून पाठविला. त्यांतूनच ‘द विंड इन द विलोज’ ही कादंबरी आकारास आली व १९०८ साली प्रसिद्ध झाली.

बिळातून वर आलेला भाबडा मोल, नाव वल्हविणारा पाणउंदीर रॅट, रानात एकांतात राहणारा वडीलधारा बॅजर आणि श्रीमंत पण बढाईखोर भेक टोड, असे हे चार मित्र. टोडला मोटारीचे वेड लागते. त्यापायी तो तुरुंगात पडतो आणि धोबिणीचा वेष घेऊन निसटतो. मागे रानातील टोळीने बळकावलेले त्याचे घर मित्रांच्या साहाय्याने परत मिळते.

हे पुस्तक सर्वांसच रुचले असे नाही. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रातील परीक्षणकाराने प्राणिशास्त्राच्या दृष्टीने त्याचे महत्त्व नगण्य ठरविले. भेक मोटार हाकीत नाही, हे खरेच. परंतु पंचतंत्रातील ससा सिंहाशी कसा बोलतो, असे आपण कधी विचारतो काय?

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची कथा अधिक बोधप्रद आहे. मुलांच्या जीवनावरील ग्रॅहम यांची आधीची पुस्तके त्यांस फार प्रिय होती. त्यांच्या जागी हे बोलणारे प्राणी त्यांस मुळीच रुचेनात. पुढे त्यांची पत्नी व मोठे मुलगे या पुस्तकात रमले. पत्नी ते धाकट्या मुलांस मोठ्याने वाचून दाखवू लागली, तेव्हा रूझवेल्टही अधूनमधून ऐकत. ऐकता ऐकता त्यांचे मन पालटले. १९०९ सालच्या जानेवारीत त्यांनी ग्रॅहम यांस पत्र लिहिले. आपण पुस्तक पुन्हा पुन्हा वाचले असून त्यातील पात्रे आता जुन्या मित्रांसारखी वाटतात, असे त्यांनी कळविले. आपले पहिले मत बदलले, हे सांगण्यात एवढ्या मोठ्या पुरुषासही कमीपणा वाटला नाही.

१९२९ साली ए. ए. मिल्न यांनी टोडच्या कथेवर नाटक रचले. तथापि मतभेद आजही आहेत. कोणास टोडच्या खोड्या आवडतात, पण नदीची लांबलचक वर्णने कंटाळवाणी वाटतात. कोणी तीच वर्णने पुन्हा पुन्हा वाचतो. यांत कोणीही चुकत नाही. मात्र मत देणाऱ्याने पुस्तक आधी शेवटपर्यंत वाचावे, जे देण्याचे त्याने कबूलच केले नाही ते त्याच्याकडे मागू नये आणि आपल्या मताचे कारण सांगावे. मत बदलले, तर तेही मोकळेपणाने बोलून दाखवावे.

स्वाध्याय

१. ‘टाइम्स’च्या परीक्षणकाराचा आक्षेप कोणता होता? तो तुम्हांस योग्य वाटतो काय?
२. रूझवेल्ट यांचे मत कसे पालटले?
३. आधी न आवडलेले, पण पुढे आवडू लागलेले एखादे पुस्तक तुमच्या वाचनात आले असल्यास त्याविषयी दहा ओळी लिहा.